होळीला येतो म्हणून गेलेल्या माणसाचा वाटा

मी, हिरी सोम्या घाटाळ, राहणार साखरशेत, तालुका जव्हार, वय सत्तरच्या मागे-पुढे, धंदा भिंतीवर आणि कागदावर चित्रे काढणे, हे माझ्या हाताने लिहिते. डोके ठिकाणावर आहे. कोणी दम दिलेला नाही, कोणी ताडी पाजलेली नाही. उलट आज मन इतके खुशीत आहे की चुलीवर भात करपला तरी उठले नाही. नात ममताचे लग्न जमले! मुलगा जामसरचा आहे, हसतो छान. लग्न पंधरवड्यावर आले.

जव्हारच्या वकीलबाई म्हणाल्या, "आजी, नवऱ्याच्या नावापुढे मयत लिहावे लागेल. इतकी वर्षे पत्ता नाही, म्हणजे कायद्याने ते गेलेच." मी म्हटले, "बाई, कायद्याने गेले असतील. घरातून फक्त कामाला गेलेत." म्हणून हा वाटण्यांचा कागद माझा मीच लिहिते आहे. चौथीपर्यंतच शाळा झाली, चुका होतील, तरी मतलब समजून घ्या.

माझे मालक सोम्या, मुलगा देवानंद मांडीवर होता तेव्हा वसईच्या खाडीत रेतीच्या होडीवर कामाला गेले. नाचात फुंकून वाजवायचा तारपा आढ्याला टांगला आणि म्हणाले, "होळीला येतो, तेव्हा वाजवीन." गावातले बाकीचे आले. मुकादम म्हणाला, तो दुसऱ्या होडीवर चढला. प्रेत कोणी पाहिले नाही. मग मी बांगड्या का फोडू?

आणि माझे अडते कुठे ते सांगते. आमच्यात लग्नाचा चौक सवाशिणीच काढतात. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची चौकट, आत पालघाट देवी. चौक नाही तर लग्न नाही. विधवेचा हात त्याला चालत नाही. मी मयत लिहिले की ममताच्या चौकाला माझा हात लागणार नाही. देवानंदच्या लग्नाचा चौक मी काढला, अर्ध्या गावाचे काढले, आणि नातीच्या वेळी भिंतीकडे पाठ करून बसू का?

आता वाटण्या.

घर देवानंदला. चित्रे विकून बांधले, माझ्या नावावर आहे, भांडण नको. पुढच्या भिंतीला मात्र ऑइलपेंट लावायचा नाही. शेणाने सारवायची, गेरू द्यायचा. सूनबाई मीनाला माझ्या गळ्यातल्या चांदीच्या गाठ्या. पोर न बोलता राबते, तिला कोणी काही देत नाही.

चितारायच्या बांबूच्या काड्या, डिंकाची वाटी आणि संदुकीतली सगळी चित्रे ममताला. विकली तर विको. दिल्लीला प्रदर्शनात एका बाईने विचारले होते, "नाच एवढा सुंदर काढलात, मध्ये तारपेवाला विसरलात का?" मी म्हटले, "विसरले नाही. यायचा आहे." तिने घेतले नाही ते चित्र. ममता, ती मधली जागा तू भरू नकोस.

नणंद प्रमिला, म्हणजे त्यांची सख्खी बहीण. दाभोसा गावातल्या एका लग्नात चार बायकांसमोर म्हणाली, "वहिनी, तू जरा लांब बस, तुझं अजून काय ठरलं नाय." बहिणीने भावाबद्दल असे म्हणावे? माझा पाटा तिने नेला तो तिच्याकडे राहू दे. वरवंटा माझ्याकडे आहे, तो ममताला. मग बसू दे तिला चटणी वाटत.

त्याच लग्नात धवलेरी गौरा, जी लग्नाची गाणी गाऊन लग्न लावते, तिने मला हाताला धरून उठवले. "मयतीचा कागद मी पाह्यला नाय. ऊठ हिरे, पीठ कालव." ममताचे लग्नही तीच लावणार.

शेत. शेत मालकांच्या नावावर आहे. देवानंद परवा म्हणाला, "आये, बाच्या मयतीचा दाखला काढू. माझं नाव चढलं तर विहीर मंजूर व्हईल."

"आनि ते आले तर?"

"बा आता नाय येत, आये."

"तुला काय म्हाईत? तू तर मांडीवर व्हतास."

तो हसला. मग तोंड धुवायला गेला, तो बराच वेळ आलाच नाही. त्याने बापाचे तोंड पाहिलेले नाही, पाहिले तरी आठवत नाही. माझे पोर खोटे बोलत नाही, हे मलाही कळते. त्याला विहीर पाहिजे.

म्हणून असे ठरवते. मी मेल्यावर माझा दाखला काढाल, तेव्हाच त्यांचाही काढायला द्या. मग शेत देवानंदने घ्यावे, विहीर खणावी. तोवर ते जिवंत आहेत. ममताचा चौक मी काढणार. मला न्याल तेव्हा हिरव्या बांगड्यांत न्या.

आणि त्यानंतर ते आलेच, तर "तुम्ही कागदावर मेलात" असे कोणी म्हणू नये. ओटीवरची खाट त्यांची. नागलीची भाकर मऊ करून द्या, दात राहिले नसतील. विहिरीचे पाणी आधी त्यांना. पहिल्या दिवशी माझे काही सांगू नका. विचारतील, तर म्हणा, चौक काढायला गेली आहे.

हे लिहिले ते मला मान्य, साक्षीदारांना वाचून दाखवले तेही मान्य.

साक्षीदार:
गौरा धवलेरी (डावा अंगठा)
धोंडी, शेजारी (सही)

ठिकाण: साखरशेत
तारीख: १२ एप्रिल २०२५

सही:
सौ. हिरी सोम्या घाटाळ