नवा धनी आणि टोबायस यांचा उजवा कान

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
नाटक-परवाना कचेरी,
राणीसाहेबांचा दरबार, लंडन

विषय : आमच्या नटमंडळीस येत्या गुरुवारपूर्वी नवा धनी मिळण्याबाबत.
संदर्भ : लॉर्ड हार्डवेल यांनी आम्हांस पदरी घेतल्याचे पत्र, दि. २ मे १५८१.

महोदय,

मी केंब्रिजचा गणिताचा पदवीधर असून वरील मंडळीसाठी नाटके लिहितो.

१. आमचे धनी लॉर्ड हार्डवेल मंगळवारी दुपारी वारले. वेदरफोर्ड गावी ही बातमी घोडेस्वाराने शुक्रवारी चार वाजता आणली, तेव्हा आमचा तिसरा अंक चालू होता. धनी नसलेला नट कायद्याने भटका ठरतो व भटक्याच्या उजव्या कानाला तापल्या सळईने भोक पाडतात, हे आपण जाणताच. परंतु घोड्याचा वेग पाहता, वेदरफोर्डपुरते धनी चार वाजेपर्यंत हयात होते. हे फौजदार श्री. थॅक यांनाही पटले.

२. फौजदारांनी "बंद करा" म्हणताच सर्व नट थांबले. फक्त टोबायस क्राउच थांबले नाहीत. ते मेलेल्या राजाचे काम करीत पडून होते व पुढे सहा मिनिटे मेलेलेच राहिले. फौजदार म्हणतात, "बाकीचे नट धनी असताना नाचले, हा बाबा धनी नसताना मेला. मेल्याचं सोंग हेही सोंगच." सध्या टोबायस कोठडीत आहेत.

३. टोबायस यांचा डावा कान पूर्ण बहिरा आहे आणि ते उजव्या कुशीवर पडले होते. कोठडीत त्यांना तसेच निजवून मी तेवढ्याच अंतरावरून आठ वेळा ओरडलो. ते हलले नाहीत. नवव्या वेळी मी चीज आणल्याचे सांगितले, तेव्हा ते उठून बसले. सत्य लपवू नये म्हणून हेही नोंदवतो. उजवा कान गेल्यास त्यांना आतून सांगितलेले संवाद ऐकू येणार नाहीत, आणि पाठांतर त्यांनी आजवर केलेले नाही.

४. त्यातच नगराध्यक्षांच्या पत्नींना नाटकाचा शेवट पाहायचा आहे. गुरुवारी उरलेला भाग करून दाखवावा व शुक्रवारी टोबायस यांनी शिक्षा घ्यावी, असा नगराध्यक्षांचा हुकूम आहे. धन्याविना खेळ केला तर तो सर्वांचाच गुन्हा. न केला तर हुकूम मोडल्याचा. टोबायस म्हणतात, "माझं काय, मी मेलेलाच आहे. तुमचं बघा."

५. तरी कृपया गुरुवारच्या आत आम्हांस कोणाच्या तरी पदरी घालावे. राणीसाहेबांनी स्वतः घेतल्यास उत्तमच. अन्यथा कोणताही सरदार चालेल. नाटकाची आवड नसली तरी हरकत नाही, प्रकृती मात्र ठणठणीत असावी.

सहीखाली धन्याचे नाव लिहिण्याची रीत आहे. ती जागा कोरी ठेवली आहे. कचेरीनेच भरून पाठवावी.

आपला नम्र,
अँब्रोज पेल
__________ यांचा सेवक

वेदरफोर्ड, दि. ३० सप्टेंबर १५८३

सोबत : १. संदर्भीय पत्र. २. नाटकाचा उरलेला भाग (टोबायस यांस त्यात उठावे लागत नाही).