कडूबाईची म्हैस आन माझी पूर्वेची भिंत

तीर्थस्वरूप बिभीषणदादास, नागापूरहून धाकट्या रंगूचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा हाय? वहिनीचा दमा? बरं असंल तर बरंच, नसंल तर कुनाला तरी दाखवा, मला आत्ता इचारायला सवड न्हाई. माझी भिंत म्हशीनं खाल्ली. (खाल्ली म्हंजे घासली. फोनवर तू नुसतं "हां हां" करून ठेवतोस, म्हनून कागदावर लिव्हते. आमचे हे उद्या नेवाशाला येत्यात, त्यांच्या हाती धाडते.)

नव्या घराला बाहेरून तो खरबरीत गिलावा मारायचं बिल्डरनं, आबासाहेबानं, काढलं. म्हनला, ताई, शहरात आता समदे ह्योच मारत्यात. मारला. वर पिस्ता रंग. तिसऱ्या दिवशी शेजारच्या कडूबाईची म्हैस दावं तोडून आली आन भिंतीला अंग लावून डोळं मिटून अशी घासाय लागली की मीच लाजले. तवापासून रोज येती. रंग गेला, गिलावा गेला, म्हशीच्या उंचीला हा एवढा खड्डा पडून विटा दिसाय लागल्या. आन गुरुवारी वास्तुशांती! पारनेरची ननंद मुक्ताबाई येनार. चार मानसांत म्हनली हुती, रंगूच्यानं घर व्हायचं न्हाई. ती पायरी चढायच्या आधी भिंतच बघनार.

कडूबाईला म्हनलं, म्हैस बांध. तर मलाच म्हनती, "आमची म्हैस कधी कुनाच्या दारात गेली न्हाई, बाई. तुमच्या भिंतीनं तिला नादी लावलं."

आबासाहेबाला बोलावलं. त्यानं गॅरंटीचा कागद काढला. (मी तिसरीतनं शाळा सोडली, पन कागद उलटा धरलाय एवढं मला कळतं.) कागदात म्हनं गळती हाय, तडा हाय, भूकंपसुदीक हाय, म्हैस न्हाई. मी म्हनलं, मग भूकंप झाला असं समज. तर म्हनतो, डोळ्यानं बघितल्याबिगर मानत न्हाई. आनली म्हैस. ती मेली चार मानसं बघून नव्या नवरीसारखी मान खाली घालून उभी! दीड तास. शेवटी आबासाहेबानं सोता भिंतीला पाठ लावून करून दावलं, अशी घासती का? तवा कुठं तिला आठवलं. दोघं शेजारी शेजारी. आमच्या ह्यांनी फोटो काढले. आबासाहेब बाजूला होऊन म्हनतो, गिलावा एक नंबर झालाय, माझी पाठ मोकळी झाली!

मग त्यानं तोडगा काढला. तसाच गिलावा कडूबाईच्या गोठ्याला मारून दिला. म्हशीनं त्याचा वास घेतला आन सरळ माझ्याकडं आली.

तर दादा, बुधवारी ये. तू तंटामुक्तीत हुतास, कडूबाई आन आबासाहेब दोघांना समोरासमोर बसव आन संध्याकाळच्या आत माझी भिंत गुळगुळीत करून घे. भांडायच्या तयारीनंच ये.

तुझी बहीण,
रंगू

ता.क. पत्राची घडी घालत हुते तर कडूबाई चरवी घेऊन दारात. म्हनती, घासाय लागल्यापासून म्हैस दोन लिटर जास्त देती, ते दूध तुमच्या भिंतीचं, रोज तुमीच घ्या.

आनखी ता.क. आबासाहेबाचा गवंडी आत्ता थापी घेऊन आला हुता. हाकलून दिला. तू भांडायला येऊ नको, नुसता ये. येताना आईचं मोठं पितळी पातेलं आन, बासुंदी करीन म्हनते. आन मुक्ताबाई जाईस्तोवर त्या खड्ड्यापुढं तू उभा ऱ्हा, गुडघा दुखला तरी. तुझी पाठ बरोबर तेवढी हाय. घासू मात्र नको.