सतरा एकांचा आकडा

छत्रपती संभाजीनगर,
८ मे २०२५

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम.

तू नंबर बदललास, म्हणून पत्र. पत्ता तुझ्या दोस्ताकडून, सत्यमकडून घेतला. त्याच्यावर रागावू नकोस, मीच त्याच्या मागं लागले होते. इथं ऊन फार आहे. नळाला आज आठव्या दिवशी पाणी आलं, सगळी पिंपं भरून ठेवली. शेजारच्या मनकर्णाबाई तुझी आठवण काढतात.

आईचे एकांचे आकडे आठवतात ना? शाळेत घालायच्या आधी तिनं मला भागाकार शिकवला तो त्यांच्यावरच. "पाटीवर नुसते एक लिही, मग बघ कशानं तुटतं." तीन एक, म्हणजे १११, तीननं तुटले. सात एक तू तोडलेस, दोनशे एकोणचाळीसनं भाग घालून, तेव्हा तिनं शिरा केला होता. तेरा एक तिनंच त्रेपन्ननं तोडले. सतरा एक मात्र कशानंच तुटेनात. तो आकडा दोघांनी मिळून हातानं तोडायचा, असं तुमचं ठरलं होतं.

मग तू नोकरीला लागलास. "कॉम्प्युटर एका सेकंदात तोडतो आई, पाटी घेऊन काय बसलीस?"

"मला उत्तर नको सांगू. जरा बस माझ्याजवळ."

"वेळ नाय."

तिथून शब्द वाढत गेले, ते तुला ठाऊक आहे.

तू गेल्यावर मी फोनवर शोधलं. तो तुटतो. पण ज्यानं तुटतो तो भाजक वीस लाखांच्या पुढं आहे, आणि आई जेमतेम अकरा हजारांपर्यंत पोचली होती. मी तिला सांगितलं नाही. तिनंच बजावलं होतं, "तू तोंड उघडू नको. माझा सम्या येऊन तोडील, तुझा दादा."

फेब्रुवारीपासून तिला उठवत नव्हतं. मार्चमध्ये डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. "तू मांड, मी सांगते," म्हणायची. पुढं पुढं साताच्या पाढ्यालाही अडायची. मग मलाच म्हणायची, "लई शहाणी झालीस. सांगत नाय व्हय?"

सोमवारी दुपारी तिनं विचारलं, "सम्यानं तोडला का गं?"

मी हो म्हणाले.

"हातानं?"

"हातानं."

"मग झालं," म्हणाली आणि पाणी मागितलं. मी पेला भरून आणला, तो तसाच राहिला.

दादा, अठरा तारखेला रविवारी तिचं पुण्यानुमोदन, तिच्या स्मरणाची वंदना, आहे. ये, असं मी म्हणणार नाही. पण मी तिच्याशी कधी खोटं बोलले नव्हते, आणि बोललेलं आता परत घेता येत नाही. खाली एकच भाजक लिहिते. सतरा एक मांड आणि हातानं भाग घाल. बाकी शून्य येईल. फोनवर शोधलंस तरी मला कळणार नाही. तरीही हातानंच कर. तेवढं माझं बोलणं खरं होईल.

२०७१७२३

पाटी अजून पुसलेली नाही.

पत्र नको, नुसता दुसरा आकडा, भाग घालून आलेला, कळव. त्याची वाट पाहते.

तुझी,
अपेक्षा