आजार यायच्या आधीचं औषध

बाबा,

ताडकळसची ती पोरगी आज घरी गेली. सकाळपासून हे कुणाला तरी सांगायचंय आणि तुमच्याशिवाय कुणी सुचत नाही. आईला फोन केला तर ती "बरं झालं गं" म्हणाली आणि जेवलीस का विचारलं. तुम्ही असतात तर खोदून खोदून विचारलं असतंत. जन्मली तेव्हा केवढी होती, चीक कधी पाजला, शेण घट्ट का पातळ. शेण म्हणून मग जीभ चावली असतीत. तुम्ही गेलात तेव्हा मी डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला होते. आता मी परभणीत बाळांची डॉक्टर आहे, आणि त्यातही दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या, तळहातावर मावतील अशा बाळांची. पालमच्या ढोरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरची मुलगी काचेच्या पेटीतल्या बाळांपुढे उभी असते, हे तुम्हाला एकदा तरी दाखवायला हवं होतं.

या इवल्याशा बाळांना एक वाईट आजार होतो. त्यांचं आतडं कच्चं असतं. आज दूध पचवणारं बाळ उद्या हिरवं ओकतं, पोट ढोलासारखं फुगतं आणि आतडं आतल्या आत सडायला लागतं. मी या दवाखान्यात आले तेव्हा इथे एक रीत होती. आजार होऊ नये म्हणून अशा प्रत्येक बाळाला पहिल्या दिवसापासून नळीतून अँटिबायोटिकचे थेंब द्यायचे. अगदीच वेडेपणा नव्हता तो. काही ठिकाणी त्याचा फायदा झाल्याचं लिहिलेलंही आहे. पण मी वर्षभर पाहत होते. जंतू त्या औषधाला सरावत होते, आणि एखादं बाळ खरोखर आजारी पडलं की हाताशी चालणारं औषध उरत नव्हतं. मी मोठ्या डॉक्टरांना म्हटलं, हे थांबवू या. सरसकट थेंब नकोत, आधी आईचं दूध, आणि औषध ज्याला आजार दिसेल त्याला. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "थांबवा. पण एक जरी पोट फुगलं तरी नातेवाइकांना उत्तर तुम्ही द्यायचं." मी हो म्हणाले. मला ते रेडकू आठवत होतं.

तुम्हालाही आठवत असेल. मी सहावीत आहे, आपली म्हैस दिवसांआधी व्यायलीय आणि रेडकू उभंच राहत नाही. तुम्ही कुणाच्या तरी बैलाला बघायला गेला आहात. मला वाटलं, याला हगवण लागली तर? म्हणून तुमच्या पिशवीतल्या त्या मोठ्या गोळ्या कुटल्या, गुळाच्या पाण्यात कालवल्या आणि पाजल्या, पोट भरेपर्यंत. मग ते चिकाला तोंडच लावेना. दुसऱ्या दिवशी हगवण लागलीच आणि तिसऱ्या दिवशी गेलं. तुम्ही मारलं नाहीत. गोठ्यात उकिडवे बसून म्हणालात, "ताप न्हाई, हगवण न्हाई, मग औषध कशाला दिलंस? तुला भेव वाटलं म्हून? पोटात चांगले बी किडे ऱ्हातेत, त्यायला बी मारलंस की. पयलं चीक पाजाव." नंतर कधीतरी म्हणालात की ते तसंही जगलं नसतं. माझं मन राखायला म्हणालात, हे मला तेव्हाही कळलं होतं.

तर ही पोरगी. जन्मली तेव्हा किलोला थोडी कमी. आई वीस वर्षांची, घाबरून गेलेली, आणि सोबत तिची आई, म्हणजे बाळाची आजी, ठसक्यातली बाई. आमच्या सिस्टरने तासभर त्या पोरीजवळ बसून वाटीत चमचाभर चीक काढून घेतला, आणि ती हात धुऊन येते तोवर आजीने तो मोरीत ओतून टाकला. "घाण असती ती, पयलं दूध फेकूनच देतेत," म्हणाली. माझं डोकं फिरलं. मी भर वॉर्डात म्हटलं, "मावशी, म्हशीच्या चिकाचा खरवस करता, गल्लीभर वाटता, आणि लेकीचा मोरीत ओतता? तुमची नात रेडकापेक्षा हलकी आहे का?" आजी गोरीमोरी झाली. पण दुसऱ्या दिवसापासून वाटीवर तिचाच पहारा. लेक असो, सिस्टर असो, कुणी उशीर केला की आवाज चढायचा, "आवं, थेंबभर हाय म्हून काय झालं, न्या की लवकर!"

नवव्या दिवशी पोट फुगलं. थोडंसंच, पण फुगलं. मी दूध थांबवलं, पोटाचा एक्स-रे काढला, रक्त तपासलं. सगळं स्वच्छ. ओकारी नाही, शीतून रक्त नाही, पोरगी हातपाय झाडतेय. यातलं एक जरी बिघडलं असतं तर मी त्याच घटकेला इंजेक्शनं सुरू केली असती, तो उपचार झाला. पण काहीच बिघडत नव्हतं आणि पोट मात्र उतरत नव्हतं. मोठे डॉक्टर येऊन, बघून, कागदावर सही करून गेले. बाळाचे आजोबा दारात हात जोडून उभे. "बाई, एखांदं औषध द्या की, आजार यायच्या आदीच. आमी काय म्हनत न्हाई तुमाला, पन लेकरू वाचलं पायजे." मी म्हटलं, आजार दिसला की देईन, आज नाही. आवाज अगदी ठाम होता माझा. तीन दिवस मी टेप घेऊन ते पोट मोजत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी ते मऊ लागलं, पुन्हा दूध सुरू केलं, अगदी थेंबाथेंबाने, आणि दुसऱ्या सकाळी सिस्टर ओरडली, "मॅडम, शी केली!" पिवळी धम्मक! बाबा, मी एमडी झाले तेव्हाही एवढी नाचले नव्हते. आजीने तर वॉर्डात साखर वाटली, आणि मोठे डॉक्टरही चिमूटभर तोंडात टाकून गेले. आता थेंबांची ती रीत आमच्याकडे कायमची बंद झालीय. हे मी केलं, बाबा. सांगायला लाज कसली?

आज निघताना आजोबांनी विचारलं, "बाई, तुमाला हे कोन शिकिवलं?" मी म्हटलं, आमच्या वडिलांनी, ते पालमला ढोरांच्या दवाखान्यात होते. म्हातारा डोळे विस्फारून बघत राहिला आणि मग इतका हसला की पिशवी खाली ठेवावी लागली. "म्हंजी आमच्या पोरीला ढोराचा इलाज केलाव म्हना! लय चांगलं केलाव." जीप वळेपर्यंत ते हसणं ऐकू येत होतं.

एवढ्यासाठीच लिहायला बसले होते. तुम्हाला पत्र टाकायचं तरी कुठे, तेव्हा हे टेबलाच्या खणातच राहील. म्हणून एक गोष्ट लिहून टाकते, जी मी सिस्टरलाही सांगितलेली नाही. ते तिन्ही दिवस थेंबांची बाटली माझ्या एप्रनच्या खिशात होती. दुसऱ्या दिवशी आजोबा चहाला गेले तेव्हा मी तिचं झाकण उघडलं होतं. एकही थेंब न देता परत लावलं, पण भेव मलाही वाटलं होतं, बाबा.