‘कडी लावा’च्या निषेधाचा ठराव

१२ जानेवारी, सोमवार. सकाळ.
आजपासून रोजनिशी. कारखान्याच्या टाइम ऑफिसातून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून प्रज्ञेला विषय उरला नव्हता. तो आज लाभला. ‘कडी लावा’ नामक एक भयमालिका टीव्हीवर चालू असून तिने उल्हासनगर कॅम्प पाचमधील आबालवृद्धांस ग्रासले आहे. इंटरनेटवर कोणीही टाकलेल्या भुताखेतांच्या गोष्टी उचलायच्या, त्यांचे एपिसोड करायचे, असा हा उद्योग. कर्त्यांची नावेही धड नसतात म्हणे.

संकल्प: मालिकेची साद्यंत चिकित्सा. शीर्षक सुचले: ‘भयरसाचे अधःपतन: एक चिकित्सा’. अपेक्षित पृष्ठे चाळीस. पत्नी वेणू म्हणाली, अहो, चाळीस पानं लिहा, नाही कोण म्हणतंय, पण आधी एक एपिसोड तरी बघा.
सूचना व्यावहारिक आहे. विचाराधीन.

१३ जानेवारी. दुपार.
एपिसोड पहिला पाहिला. भयकथा दुपारीच पाहावी. रात्री पाहिल्यास अंधाराचे श्रेय फुकट लेखकाला जाते.

कथावस्तू: बंद पडलेल्या मोबाइलवर मृत मित्राचे मेसेज येतात. मेसेजमध्ये शुद्धलेखनाची काळजी घेतलेली नाही. मरणोत्तर तरी सवड असते. भय वाटले नाही. करमणूक झाली नाही. कंटाळाही आला नाही. ही अवस्था सामान्य नव्हे. विहारात भन्तेजी जिला उपेक्खा म्हणतात, सुखदुःखापलीकडचे ते समत्व, ते मला आसनाविना साधले असावे असा संशय आहे.

वेणूला सांगितले. ती म्हणाली, कशाचंच काही वाटत नाही ना, मग डॉक्टरला दाखवा. ती साधना नसते.

लेखन: शीर्षकाखाली रेघ मारली.

१६ जानेवारी, शुक्रवार.
उन्नतीचा फोन. उन्नती ही आमची एकुलती कन्या. बदलापूरला मैत्रिणीसोबत भाड्याने राहते, कॉम्प्युटरवर कसलेसे लिहिण्याचे काम करते. ऑक्टोबरातल्या धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतर घरी आलेली नाही. आमच्यात बेबनाव मुळीच नाही. ती कामात असते आणि मी चिंतनात.

आता १ फेब्रुवारीच्या रविवारी, प्रबोधन मंडळाच्या वार्षिक सभेला, ती येणार आहे. जमल्यास आठवडाभर राहणार आहे. वेणूने गादीला ऊन दाखवले. तिने राहावे असे मलाही वाटते. वाटते म्हणजे, तसा माझा अभिप्राय आहे.

फोनवर म्हणाली, पप्पा, मम्मी सांगत होती तुम्ही ‘कडी लावा’ बघताय. तिसरा एपिसोड बघा ना. मग मला सांगा. मी तिला भयानक आणि बीभत्स यांतील भेद विशद केला. बराच वेळ केला. मध्ये केव्हातरी फोन वेणूच्या हाती गेला असावा, कारण उपसंहाराच्या वेळी माझ्या हातात काही नव्हते.

१८ जानेवारी, रविवार. दुपार.
एपिसोड तिसरा. आजवरचा अत्यंत निकृष्ट.

कथावस्तू: रसायनांचा वास येणारे एक गाव. चौथा मजला. एक मुलगी. तिचे वडील घरात असतात तेव्हा वर्तमानपत्र उघडून बसलेले असतात. मुलगी काही सांगते, पानांमागून ‘हं’ येते. मुलगी म्हणते, पप्पा, मी पास झाले. ‘हं.’ मुलगी म्हणते, पप्पा, मला ताप आहे. ‘हं.’ एके दिवशी बेल वाजते. ती दाराच्या भिंगातून पाहते तर बाहेर वडील, हातात डबा, कामावरून परतलेले. ती मागे वळते, तर खुर्चीत वर्तमानपत्र उघडे. ती विचारते, पप्पा, बाहेर कोण आहे? पानांमागून ‘हं.’

मूलभूत आक्षेप: मुलीला खरा बाप ओळखू येत नाही, हे कोण मानील? अपत्य पदरवाने बाप ओळखते. लेखकाने बाप जवळून पाहिलेलाच नाही.

एपिसोडचा उत्तरार्ध मी नेत्र मिटून, केवळ ध्वनीच्या आधारे ग्रहण केला. वेणू याला घोरणे म्हणते. शेवटाची दिशा मला एव्हाना कळून चुकली होती.

चहा देताना वेणू बराच वेळ बोलत होती. उन्नतीने लिहिलेले काहीतरी कुठेतरी लागले आहे, तिला त्याचे पैसेही मिळाले, तुम्ही बघितलंत त्यातच, असे काहीसे. मी त्या वेळी मनात आक्षेपाचा परिच्छेद रचत होतो. हं म्हणालो.

२१ जानेवारी.
चिकित्सेने भागणार नाही. कृती हवी.

प्रबोधन मंडळाचा मी अध्यक्ष. अंधश्रद्धेशी लढा हे आमचे ब्रीद. वार्षिक सभेत आधी श्रद्धांजली, मग अभिनंदनाचे ठराव, मग निषेधाचे, मग अल्पोपाहार, हा क्रम स्थापनेपासून अबाधित आहे. यंदा निषेधाचे पान कोरे होते. ‘कडी लावा’चा, विशेषतः तिसऱ्या एपिसोडच्या अज्ञात लेखकाचा निषेध मी स्वतः मांडणार.

सचिव कैलासला फोन केला. त्याने विषय पुन्हा एकदा सांगायला लावला. मग म्हणाला, भाऊ, घरी विचारलंय ना तुम्ही? मी म्हणालो, तत्त्वाच्या प्रश्नी घर विचारायचे नसते. कैलास म्हणाला, मानलं बुवा तुम्हाला. आपल्याच माणसाबद्दल असं उभं राहून बोलायला जिगर लागते. आपल्याला नसतं जमलं.
‘आपल्याच माणसाबद्दल’ हे शब्द स्थानिक लेखकाला उद्देशून असावेत. म्हणजे तो आपल्याच वस्तीतला आहे तर. निषेध अधिक धारदार करणे प्राप्त.

२४ जानेवारी, शनिवार.
ठरावाला सूचक मी. अनुमोदक हवा. घटनेप्रमाणे अनुमोदकाविना ठराव मतास टाकता येत नाही.

सकाळी बनूबाईंकडे गेलो. मंडळाच्या ज्येष्ठतम सदस्य, सभेत कशालाही हात वर करतात. ठराव वाचून दाखवला. म्हणाल्या, मी नाही रे बाबा. लेकरू माझ्या मांडीवर खेळलंय, त्याला मी नावं ठेवू होय? कोणते लेकरू, ते मी विचारले नाही. वयोमानाने संदर्भ सुटतात. वर म्हणाल्या, तू जेवलास का नीट? तोंड असं काय झालंय तुझं, पाटी पुसल्यागत.

तळमजल्यावरचे सिंधी दुकानदार. सदस्य नाहीत, तरी नैतिक पाठिंबा मागितला. म्हणाले, साईं, मैं तो मेंबरच नाही. पण सिरियल एक नंबर. वो पेपरवाला पार्ट बघून माझी मिसेस दोन दिवस मला पेपरच उघडू देत नाही. बोलते, पहले शकल दिखाओ. आणि बधाई हो तुम्हाला.
बधाई कशाबद्दल, हे कळले नाही. अध्यक्षपदाबद्दल असावी. उशिरा का होईना.

लेखन: पहिले वाक्य सुचले होते. जिन्यात विसरलो.

२६ जानेवारी. सकाळ.
विहारापुढे झेंडावंदन. कैलासने बाजूला घेतले. म्हणाला, भाऊ, वहिनींशी बोललो मी. विषय मागे घ्या ना. अभिनंदनाच्या लगेच खाली तुमचा निषेध येतोय, बरं दिसत नाही. पोरगी समोर बसणार. मी म्हणालो, तिने समोरच बसावे अशी माझी इच्छा आहे. पित्याचे विचार तिने एकदा सलग ऐकावेत. कैलासने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि जिलेबीची पुडी हातात दिली.

घरी वेणूने विचारले, तुम्हाला मी सांगितलेलं कळलंय ना? मी होकार दिला. ती म्हणाली, काय सांगितलं होतं? मी म्हणालो, उन्नती येणार आहे. ती म्हणाली, आणि? मी म्हणालो, गादी. ती स्वयंपाकघरात गेली. भांडी जरा जोरात लावली गेली.

३१ जानेवारी. सायंकाळ.
अंबरनाथ पूर्वेला जाऊन ठराव टाइप करून आणला. अक्षर मोठे घेतले, भाषण चष्म्याविना वाचता यावे म्हणून. चिकित्सेचे शीर्षकही छापून घेतले. सुबक आले आहे. उरलेली पृष्ठे आता केवळ तपशिलाचा भाग.

उन्नतीच्या टेबलावर साचलेले माझे संदर्भग्रंथ हलवले. खाली तिची एक जुनी पेन्सिल निघाली. चावलेली. काही क्षण हातात धरली. विशेष काही झाले नाही. तिच्या पेनांच्या मगात ठेवली.
उद्या सकाळी दाल-पकवान, म्हणजे डाळ आणि कडक पुरीचा सिंधी नाश्ता, आणायचे. तिला आवडते, असे वेणू म्हणते.

१ फेब्रुवारी, रविवार. सायंकाळ.
सभा झाली. इतिवृत्त नोंदवतो.

दाल-पकवान आणले. उन्नती थेट सभागृहात आली. बारीक झाली आहे. जय भीम पप्पा, म्हणाली. मी तिला पहिल्या रांगेत बसवले.

श्रद्धांजली. दोन मिनिटे मौन. मग कैलासने अभिनंदनाचा ठराव वाचला: ‘आपल्या वस्तीची कन्या कुमारी उन्नती प्रमोद ओव्हाळ यांनी इंटरनेटवर लिहिलेल्या कथेवरून “कडी लावा” मालिकेचा तिसरा एपिसोड तयार झाला, याबद्दल हे मंडळ त्यांचे हार्दिक अभिनंदन करीत आहे.’ टाळ्या. अध्यक्ष या नात्याने मीही वाजवल्या. मंचावर पुष्कळ प्रकाश होता. हात माझेच वाजत आहेत, हे बघून कळले.

पुढचा विषय निषेध. कैलासने माइक हाताने झाकला. म्हणाला, भाऊ, पुढच्या सभेत घेऊ. आता चहा. मी म्हणालो, कार्यसूचीवर छापलेला विषय अध्यक्षाला गाळता येत नाही. हे मी का म्हणालो, याचा विचार अद्याप चालू आहे. नियम मात्र तसाच आहे.

वाचला. अक्षर मोठे असल्याने अडखळलो नाही. ‘सदर लेखकास पितृहृदयाचे प्राथमिक ज्ञानही नाही, असे हे मंडळ खेदपूर्वक नमूद करते’ या वाक्याशी बनूबाई मोठ्याने म्हणाल्या, बस खाली, प्रमोद. वाक्य पूर्णविरामापर्यंत नेणे भाग होते. नेले.

कैलासने विचारले, अनुमोदन? कोणी हलले नाही. मागे पंखा कुरकुरत होता. मग उन्नती उभी राहिली. म्हणाली, माझं अनुमोदन आहे. पप्पांनी माझं काहीतरी बघून त्यावर दीड पान लिहिलंय. ते वाया जायला नको. दोघेतिघे हसले. विरोध कोणीच केला नाही. मंडळात कोणी कधी करत नाही. दोन्ही ठराव एकमताने संमत. अल्पोपाहार: समोसा, केळे.

घरी. वेणूने गादीवर नवी चादर घातली होती. उन्नतीने पकवानाचा एक तुकडा मोडला. म्हणाली, मला राग नाही आला, पप्पा. खरंच नाही. एकच सांगा. शेवटी ती मुलगी दार कोणाला उघडते?
मी म्हणालो, शेवट प्रतीकात्मक आहे. ती म्हणाली, उघडते की नाही? मी म्हणालो, दोन्ही अर्थ संभवतात. तिने तुकडा बशीत ठेवला. म्हणाली, बरं.

मग वेणूशी आत बोलली. आवाज वाढले नाहीत. थोड्या वेळाने दोघी पिशव्या घेऊन बाहेर आल्या. वेणू म्हणाली, मी पण जाते हिच्याबरोबर बदलापूरला, दोनतीन दिवस. मी म्हणालो, तिच्याकडे गादी एकच आहे ना? वेणू म्हणाली, पुरते आम्हाला. डाळ फ्रिजमध्ये आहे, गरम करून घ्या.
पिशवी दोनतीन दिवसांच्या मानाने फुगीर होती. रिक्षा कोपऱ्यावर मिळाली. मी गॅलरीतून हात केला. त्या वेळी रिक्षा वळली होती.

२ फेब्रुवारी, सोमवार. दुपार.
पाणी आले, भरले. डाळ गरम केली. चिकित्सेच्या सिद्धतेसाठी एपिसोड तिसरा पुनश्च लावला. या खेपेस खुर्चीत न बसता उभा राहून पाहिला, नेत्र मिटू नयेत म्हणून.

शेवट असा. मुलगी दार उघडते. बाहेरचा बाप आत येतो, बूट काढतो, डबा ओट्यावर ठेवतो. काही बोलत नाही. खुर्चीजवळ जातो. खुर्चीतला त्याला वर्तमानपत्राचे आतले पान काढून देतो. तो शेजारी स्टूल ओढून बसतो आणि पान उघडतो. दोघांचे चेहरे दिसत नाहीत. मुलगी दोघांना चहा आणून ठेवते. थोडी थांबते. मग चपला घालते आणि बाहेर पडते. दार उघडेच राहते. जिन्यातून तिची पावले ऐकू येतात, मग येत नाहीत.

भूत कोठेच नाही. अंधश्रद्धेचा आरोप टिकणार नाही. निषेध दुरुस्त करावा लागेल. त्यास पुन्हा अनुमोदक लागेल.

मग पडदा काळा झाला आणि नावे वर सरकू लागली. रिमोट हाती होता, पण बंद केले नाही. प्रकाशयोजना. वेशभूषा. त्यानंतर: मूळ कथा, उन्नती वेणू.
पुन्हा मागे नेऊन वाचले. उन्नती वेणू.
माझे नाव व आडनाव जागेअभावी गाळले असावे. तथापि उजवीकडे जागा पुष्कळ होती.