कोठी क्रमांक एकशे बारा

गार्चिंग,
दि. २३ जुलै २००७

॥ श्री ॥

स्वस्तिश्री सकलजीर्णवस्तुसंग्रहधुरंधर, लिलावरणधीर, त्यक्तसंसारसमुद्धारक, भार्याक्रोधैकभाजन, म्युनिकप्रांतांतर्गत गार्चिंगनगरनिवासी, संशोधनसंस्थीय यंत्रशालेतून ससन्मान निवृत्त हेमचंद्र याजकडून आखनक्षेत्रस्थ धाकटी भगिनी चि. सौ. विभावरी हिस अनेक उत्तम आशीर्वाद. तुझा ज्येष्ठ बंधू व्यापारात पडला आहे. हे वृत्त तुझ्या वहिनीकडून विकृत पाठभेदासह कळण्यापूर्वी मूळ संहितेत कळावे, म्हणून हा पत्रप्रपंच.

या देशात ज्यांचा संसार घरात मावत नाही, ते तो भाड्याच्या कोठीत ठेवतात. आणि ज्यांना भाड्याचे विस्मरण होते, त्यांच्या कोठीचा लिलाव होतो. कुलूप तोडून दार उघडतात आणि बोली लावणाऱ्यांनी उंबरठ्याबाहेरून पाच मिनिटे दर्शन घ्यायचे. आत पाऊल टाकायचे नाही, कशास हात लावायचा नाही. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात निदान पोहे तरी मिळतात. कोठी क्रमांक एकशे बारामध्ये, करड्या चादरीखाली, मला निःसंशय पियानो दिसला. इतर कोणासही तो दिसला नाही, यावरून माझी दृष्टी किती सूक्ष्म ते ताडावे. कोठी मी जिंकली. चादर दूर सारताच पियानोच्या स्थानी चादरींना इस्त्री करण्याचे विजेचे रोलरयंत्र प्रकटले. त्यास येथे हाइसमांगेल म्हणतात. ते ऐरावताच्या धाकट्या भावाएवढे जड असून सांप्रत आपल्या गॅरेजमध्ये विराजमान आहे. मोटार रस्त्यावर असते.

कोठी दोन दिवसांत झाडून रिकामी करणे आणि छायाचित्रे, कागदपत्रे न चाळता कार्यालयात परत देणे, अशा अटी होत्या. त्या मी अक्षरशः पाळल्या. उरलेल्या खोक्यांत मात्र साक्षात आपली संस्कृती निघाली: तांबे, परात, पुरणयंत्र, सोऱ्या, आणि एक थोरले पितळी मोदकपात्र. त्यावर सुरेख अक्षरांत कोरले आहे: ‘चि. सौ. मालिनीस मंगळागौरीनिमित्त आत्याकडून, श्रावण शके १८९१.’ कोणी कुटुंब सामान टाकून स्वदेशी परतले असावे.

शनिवारी फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे येथील जुन्या वस्तूंच्या बाजारात, पथारी मांडली. एका गृहस्थाने सोऱ्या हाती घेऊन हे मध्ययुगीन यातनासाधन कोणत्या अवयवासाठी वापरीत, अशी पृच्छा केली. मी शेव कशी पाडतात ते सांगितल्यावर त्याची निराशा झाली व तो निघून गेला. त्यातून धडा घेऊन मी, फ्राऊ लेख्नर नामक वयस्क बाईंनी मोदकपात्रावरील लेखाचा अर्थ विचारला, तेव्हा तो मंदिरातील प्राचीन आशीर्वाद असून ज्या गृही हे पात्र असेल तेथे धान्य कधी सरत नाही, असे गंभीर मुद्रेने कथन केले. पात्र तत्क्षणी गेले. झाकण तेवढे घरी राहिले होते. ते दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्त्यावर स्वहस्ते पोचविले. प्रामाणिकपणा हाच व्यापाराचा पाया होय.

लोभ आहेच, त्यात वृद्धी केल्यास ठेवण्यास गॅरेजमध्ये जागा नाही, एवढे ध्यानी असावे.

तुझा,
हेमचंद्र

आखन,
दि. ३० जुलै २००७

ती. दादास कृ. सा. न. वि. वि.

फोनच करणार होते, पण फोनवर तू भाषण करतोस आणि मला आज मध्ये कोणी बोलायला नको आहे.

तुझं पत्र वाचून मी हसत होते. मोदकपात्रावरच्या मजकुरापाशी आले आणि हसू थांबलं. दादा, ते कुटुंब स्वदेशी वगैरे गेलेलं नाही. मालिनीकाकू इथेच, माझ्या घरापासून बसने चार थांब्यांवर, वृद्धाश्रमात आहेत. तीस वर्षं आखनच्या प्रत्येक मराठी पोराने गणपतीला त्यांच्या हातचे मोदक खाल्ले आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी घर सोडलं, तेव्हा त्यांच्या मुलाने, निहारने, सगळं सामान म्युनिकला नेलं आणि माझ्या घरी नीट राहील असं सांगितलं. घरी म्हणजे कुठे, ते आता तुझ्या पत्रावरून कळलं. वर्षभरापूर्वी तो नोकरीसाठी सिंगापूरला गेला. भाड्याची स्मरणपत्रं जुन्या पत्त्यावर पडत राहिली असणार.

काकूंना यातलं काहीही ठाऊक नाही. डॉक्टर आता महिने मोजत नाहीत, सण मोजतात. काकूंनी या गणपतीला माझ्या स्वयंपाकघरात बसून मोदक करवून घ्यायचे ठरवलंय, आणि तेही आत्याच्याच पात्रात. ते मागवून घे म्हणून दर भेटीत मला सांगतात. मी निहारला ईमेल केली. त्याचं उत्तर आलं, की आईला कृपा करून कळू देऊ नका. तो घाबरला आहे.

गणपती पंधरा सप्टेंबरला आहेत. तू नाव वाचलंस, दादा. वाचून विकलंस. तेव्हा आता ते परत आण. वहिनींना सांग, की या बाबतीत मी त्यांच्या बाजूची आहे. बाब कोणती ते सांगण्याची गरज नाही.

तुझी,
विभा

गार्चिंग,
दि. १९ ऑगस्ट २००७

चि. सौ. विभावरीस अनेक आशीर्वाद.

या वेळी बिरुदावली गाळली आहे. कारण पुढे स्पष्ट होईल.

तुझे पत्र पोचताच मी फ्राऊ लेख्नर यांच्या द्वारी गेलो. पात्र अंगणात होते. त्यात श्निटलाउख, म्हणजे आपल्या कांद्याच्या पातीची यवनभगिनी, जोमाने वाढली होती. आणि पाण्याचा निचरा व्हावा म्हणून बाईंनी यंत्राने बुडास चार छिद्रे पाडली होती. मोदकपात्राच्या चाळणीस छिद्रे असतात, बुडास नसतात, हा भेद त्यांना कोण सांगणार? मी दुप्पट मूल्य देऊ केले. बाईंनी नकार दिला. पात्र आल्यापासून बागेस बहर आला आहे, प्राचीन आशीर्वाद का कोणी विकतो, असे त्या म्हणाल्या. मी हाइसमांगेल विनामूल्य देऊ केले. त्यांनी दार लावून घेतले.

तीन वेळा गेलो. चौथ्या वेळी तुझी वहिनी नीता सोबत आली आणि जिन्यातच तिने मला बजावले, की आज संस्कृत नको, खरे बोला. तेव्हा, भगिनी, सदुसष्ट वर्षांच्या आयुष्यात प्रथमच मी विशेषणांवाचून बोललो. हा आशीर्वाद नाही, एका बाईचे नाव आहे. आत्याने तिला भेट दिली होती. ती आखनला आहे, आजारी आहे. आणि मी तुमच्याशी खोटे बोललो. आमच्याकडे भांड्यावर नाव का घालतात, असे फ्राऊ लेख्नरनी विचारले. नीताने सांगितले, की लग्नाकार्यात भांडी शेजारच्या घरी जातात, ती परत यावीत म्हणून. बाई अंगणात गेल्या. कुदळ आणली, पात रोपासकट उपटून बादलीत लावली, आणि पात्र नीताच्या हाती दिले. माझ्या हाती नाही. मग मला एवढेच म्हणाल्या, की नाव होते तर आधीच सांगायचे.

यंत्रशाळेतील जुन्या सहकाऱ्यांनी मला पुन्हा आत घेतले. जेथे मी अणुसंशोधनार्थ निर्वात नळ्या जोडल्या, तेथेच चार छिद्रे चांदीच्या डाखाने बुजविली आणि आतून स्वतः कथलाची कल्हई केली. पाणी भरून रात्रभर ठेवले. थेंबही गळला नाही. अन्य भांडी त्यासोबत पाठवीत आहे. सोऱ्याही. विकलेल्यांपैकी दोन तांबे मात्र सापडले नाहीत, त्यांचा अपराध माझ्या नावे राहो.

काकूंना काय सांगायचे ते तू ठरव. खोटे बोलण्याची माझी पात्रता तूर्त रद्द झाली आहे.

हेमचंद्र

आखन,
दि. १७ सप्टेंबर २००७

ती. दादास सा. न. वि. वि.

मोदक झाले. एकवीस ठरले होते, चौदा झाले. काकू तेवढ्यात दमल्या. पारी मी करत होते, त्या खुर्चीत बसून माझ्या प्रत्येक कळीला नावं ठेवत होत्या. पहिली वाफ आली तेव्हा पुढे वाकून तिचा वास घेतला.

मी सांगितलं होतं, की निहारने सगळं पाठवलं. त्यांनी मान डोलावली. चहा पिताना पात्र मांडीवर घेतलं, ‘आत्याकडून’ या शब्दावरून बोट फिरवलं, मग काठाच्या दुमडीत नख घालून चिमूटभर माती काढली. ती बशीच्या कडेला ठेवली आणि पात्र उलटं करून बुडाचे चार ठिपके पाहिले. मी सिंककडे वळले.

मग त्या हळूच म्हणाल्या, “निहारला कल्हई कळत नाही, आणि झाड तर त्याने जन्मात लावलं नाही. ज्याने केलंय, त्याला दोन मोदक पाठव. आणि निहारला सांग, आईने भांडी ओळखली, नीट ठेवली होतीस म्हणाली.”

मी निहारला तसंच कळवलं. तुझे दोन मोदक पोस्टाने टिकणार नाहीत म्हणून मी खाल्ले. पात्र काकूंच्या खोलीत खिडकीत आहे. पुढचं नाव माझं घालायचं असं त्यांनी ठरवलंय, पण आत्ताच नाही म्हणाल्या. कोरायला तूच ये.

वहिनींना नमस्कार. तुम्ही दोघं इथे कधीही जेवायला या. येताना विकायला काही आणू नकोस.

विभा

गार्चिंग,
दि. २६ सप्टेंबर २००७

चि. सौ. विभावरीस अनेक आशीर्वाद.

पत्र नीताने मोठ्याने वाचले. मध्ये एकदा चष्मा पुसला. माझा नव्हे, स्वतःचा. कोरण्याचे हत्यार मी पेटीतून काढून धार लावून ठेवले आहे. ते दीर्घकाळ तसेच पडून राहो, हीच प्रार्थना. दोन मोदक तू भक्षिलेस, या अपहाराची नोंद घेतली आहे.

व्यापारातून मी संन्यास घेतला आहे. मात्र संन्याशाच्या गॅरेजमध्ये हाइसमांगेल आहे. नगरपालिकेचे मोठा कचरा नेणारे म्हणतात, ते विजेचे यंत्र आहे, भंगार केंद्रात न्या. भंगार केंद्राचे म्हणतात, ते धंद्याचे यंत्र आहे, घरगुती नव्हे, इकडे आणू नका. लिलावगृहाचे म्हणतात, एकदा उचललेले परत नाही. फ्राऊ लेख्नर आता फोन घेत नाहीत. यंत्रावर कोणाचेही नाव नाही, हे मी चहूबाजूंनी तपासले. थंडी सुरू झाली असून मोटारीच्या काचेवर सकाळी दव गोठते, ते खरवडण्याचे पाते गॅरेजमध्ये, नेमके त्या यंत्राच्या मागे पडले आहे.

हेमचंद्र