खेळणारी बाई शुद्धीवर आहे

मी, शैलजा मुकुंद पोतनीस, वय एकसष्ट, बँकेतून निवृत्त, राहणार भेस्तान, सुरत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, दिवसाउजेडी, पोटभर जेवून लिहीत आहे. माझी बुद्धी जागेवर आहे. अशा कागदात हे वाक्य सगळेच लिहितात. मला ते डॉक्टरांच्या दाखल्यासह लिहावं लागतं, कारण माझ्या पोटच्या मुलाने त्याबद्दल शंका काढली आहे. दाखला सोबत जोडला आहे. हे लिहिताना माझ्यावर कोणाचा दबाव नाही. पूर्वी आणला गेला होता, त्याची हकीकत पुढे येईल. याआधी मी कुठे काही लिहून ठेवलं असेल तर ते रद्द समजावं.

कलम एक. मी राहते तो भेस्तानचा फ्लॅट माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. बमरोलीच्या शाखेत मी आयुष्यभर नोकरी केली आणि त्या पगारातून तो घेतला. दस्तावर एकटीचं नाव आहे. यजमानांना तेव्हा ते खटकलं होतं. "लोक काय म्हणतील, पोतनिसांची बायको घरमालकीण?" असं म्हणाले होते. लोक काहीच म्हणाले नाहीत. सदर फ्लॅटचं काय करायचं ते कलम पाचमध्ये लिहिलं आहे. आधी कारण वाचावं, मग निकाल.

कलम दोन. माझे यजमान मुकुंद चार वर्षांपूर्वी वारले. त्यांना आता काही देता येत नाही आणि त्यांच्याकडून काही मागता येत नाही. पण त्यांना वगळलं तर हा कागद कोणाला समजणार नाही.

चौऱ्याऐंशी साली अठवा गेटजवळ चहाच्या दुकानामागे व्हिडिओ गेमचं दुकान होतं. अंधारी खोली, पुरुषभर उंचीची लाकडी खोकी, आत चमकणारा पडदा. कॉलेज सुटल्यावर मैत्रिणीच्या आग्रहाने एकदा गेले. पुढे मैत्रीण यायची थांबली, मी थांबले नाही. दुसरी मुलगी तिथे मी कधी पाहिली नाही. मला आवडायचा तो परग्रहावरच्या प्राण्यांचा खेळ. ते रांगेने एक पाऊल बाजूला, मग एक पाऊल खाली असे उतरायचे आणि खालून छातीच्या ठोक्यासारखा आवाज यायचा. जितके मारावेत तितके उरलेले वेगाने यायचे. त्या खेळात जिंकणं नव्हतंच. शेवटी हरायचं हे ठरलेलं, आपण किती टिकतो एवढंच आपल्या हातात. तरी मला तिथे मोकळं वाटायचं. दांड्यावर कितीतरी जणांच्या हातांचं तेल बसलेलं असायचं. मी तो ओढणीने पुसायचे आणि उभी राहायचे. तेवढा वेळ मी कोणाची मुलगी नव्हते, कोणाची बहीण नव्हते.

मुकुंद रोज माझ्या मागे उभे राहून बघायचे. एक दिवस म्हणाले, "तुमचा डावा हात फार शांत आहे." मला आजवर माझ्याबद्दल कोणी इतकं चांगलं बोललं नाही. त्या एका वाक्यावर मी लग्न केलं.

लग्नानंतर पहिल्याच रविवारी मी म्हटलं, "चला, अठवा गेटला जाऊ या." ते पेपर वाचत होते. वर न बघता म्हणाले, "आता कशाला? ज्याच्यासाठी जायचो ते घरी आलं."

त्यांच्या मते हे प्रेमाचं बोलणं होतं. मीसुद्धा त्याच कारणासाठी तिथे जात होते असं त्यांना मरेपर्यंत वाटलं. मी पुन्हा तिथे गेले नाही. पुढे ते दुकान बंद झालं आणि तिथे साड्यांचं गोदाम आलं.

मुकुंदरावांचा हॉलमधला हार घातलेला फोटो तुषारने न्यावा.

कलम तीन. तुषार हा माझा मुलगा. तो शाळेत होता तेव्हा मी त्याच्या वाढदिवसाला टीव्हीला जोडायचा कॅसेटचा गेम आणला. त्याच्यासाठी आणला असं सगळ्यांना सांगितलं. त्यात मिशीवाला एक बुटका माणूस उड्या मारत धावायचा. हा खेळ जुन्यासारखा निर्दयी नव्हता, त्याला शेवट होता, झेंडा होता, गाणं होतं. तुषार पडला की दांडा माझ्याकडे यायचा आणि मी फार पुढे जायचे. तसं झालं की तो तोंड फुगवायचा. एकदा मी किल्ल्यापर्यंत पोचले तेव्हा त्याने जाऊन वायर ओढली. पडदा काळा. मी त्याच्याकडे बघते तोवर मुकुंद आतून म्हणाले, "पोराच्या खेळण्यात काय जीव घालतेस? आई मांडी घालून टीव्हीसमोर बसते, शोभतं का?" मी उठले आणि कुकर लावला. मुलगा लहान होता, त्याच्यावर राग धरला नाही. राग धरायला हवा होता असं आता वाटतं.

कलम चार. निवृत्त झाले त्या महिन्यात मी मोठा टीव्ही आणि नवा गेम घेतला. यावेळी कोणाच्या वाढदिवसाचं निमित्त केलं नाही. नव्या खेळांबद्दल माझं मत मिश्र आहे. त्यातली जगं मोठी आहेत. घोड्यावरून डोंगर चढून जाता येतं, वर उभं राहून सूर्य मावळताना बघता येतो आणि कोणी म्हणत नाही की चला, स्वयंपाकाचं बघा. पण ते लाड फार करतात. कुठे जायचं त्याचा बाण दाखवतात, मेलं तर दोन पावलं मागे उभं करतात. जुनं खोकं मला काही सांगत नव्हतं. हरलीस तर बाजूला हो, एवढंच. शिवाय या खेळांत अनोळखी माणसांशी बोलता येतं. माझा आवाज ऐकून एक मुलगा म्हणाला, "आंटी, रसोडामां जाओ," म्हणजे स्वयंपाकघरात जा. मी त्याला खेळात दोनदा मारलं आणि मग तो निघून गेला.

स्वयंपाकाला कलाबाई येते. नवागामला राहते, तिचा नवरा धुडकू कापडाच्या लूमवर कामाला होता, तो वारला. एक दिवस मी तिला पोळ्या ठेवून शेजारी बसायला लावलं आणि दुसरा कंट्रोलर हातात दिला. ती म्हणाली, "ताई, यामा मना माणूस कोणता शे?" मी म्हटलं, "तो हिरवा." तो हिरवा माणूस तिने दर वेळी खड्ड्यात घातला. "पडना वं माय, पडना!" असं ओरडून ती हसत लोळायची. ती आजतागायत सुधारलेली नाही. ती पडली की डाव दोघींचा जातो, म्हणून तिच्याबरोबर खेळताना मी प्रत्येक वेळी हरते आणि माझ्या आयुष्यातले चांगले दिवस मला विचारले तर मी ते सांगेन.

सून रुपाली आली की स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघायची. मी एकदा विचारलं, "खेळतेस?" ती म्हणाली, "नको मम्मी, हे ओरडतील." सबब टीव्ही, गेम, दोन्ही कंट्रोलर आणि त्यावरची माझी खाती मी रुपाली तुषार पोतनीस हिला देत आहे. पासवर्ड तिला तोंडी सांगितला आहे. त्यातली माझी जगं तिने ठेवावीत किंवा पुसावीत, पण खेळताना हॉलचं दार उघडं ठेवावं. तुषारचा या वस्तूंवर कसलाही हक्क राहणार नाही.

कलम पाच. गेल्या श्रावणात मी एका तीन डोक्यांच्या राक्षसाशी लढत होते. त्याने मला बऱ्याचदा मारलं होतं. मी ओरडत होते, "मर मेल्या, मर!" तुषारने दाराआडून त्याचा व्हिडिओ काढला हे मला माहीत नव्हतं. आठवड्याने तो आला. "मम्मी, अंगठ्याला मुंग्या येतात म्हणतेस ना, चल, डॉक्टरला बतावून येऊ." मला बरं वाटलं. मुलाने विचारलं याचंच बरं वाटलं. दवाखान्याच्या पाटीवर मानसोपचार वाचलं तेव्हा तो गाडी लावायला गेला होता.

आत त्याने डॉक्टरांसमोर मोबाईल ठेवला. "दिवसभर अशीच असते. भिंतीशी भांडते. फ्लॅटचे कागद, बँक, काही सांभाळता येत नाही तिला. तुम्ही तसं लिहून द्या." मी त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते.

डॉ. हेतल वशी यांनी व्हिडिओ पाहिला आणि त्याला बाहेर बसायला सांगितलं. मग मला विचारलं, "बेन, कोने मारतां हतां?"

कोणाला मारत होते, तर मी राक्षसाचं सांगितलं. त्याचं मधलं डोकं आधी का मारायचं नाही, तेही सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "पछी? मर्यो के नहीं?"

"मर्यो," मी म्हटलं, आणि रडू आलं.

त्यांनी तारीख, वार, वजाबाकी, सगळं रीतसर विचारलं आणि दाखला लिहिला. तो तुषारने मागितला होता तसा नव्हता. मी वडोदऱ्याला अपर्णाला, म्हणजे माझ्या मुलीला, फोन केला. ती सगळं ऐकून म्हणाली, "आई, तू जरा हळू आवाजात खेळत जा ना."

तरीही मी तुषारला तोडलं नव्हतं. फ्लॅट दोघांत अर्धा अर्धा करायचं माझ्या मनात होतं. दिवाळीनंतर तो एका संध्याकाळी एकटा आला. बूट काढले, माझ्याशेजारी खाली बसला आणि म्हणाला, "दे, मीपण खेळतो." आम्ही दोघांचा खेळ लावला. त्याची बोटं अजून चपळ आहेत. नदी आली, तो उडी मारून पार झाला आणि पलीकडे उभा राहिला. मला जमत नव्हतं. मी पुनःपुन्हा पाण्यात पडत होते आणि तो तिथेच उभा होता. म्हणाला, "ये ना मम्मी, घाई नाही." माझ्यासाठी कोणी असं काठावर थांबलं नव्हतं. मी पार गेले. आम्ही खूप वेळ खेळलो. शेवटी तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मजा आली गं."

मग त्याने बॅगेतून कागद काढले. फ्लॅट त्याच्या नावे बक्षीस केल्याचा दस्त तयार होता. "नुसती फॉर्मॅलिटी आहे. इथे आणि इथे सही कर."

पडद्यावर आमची दोघांची माणसं अजून शेजारी उभी होती. मी विचारलं, "तुषार, नदीवर थांबलास तो याच्यासाठी?"

तो म्हणाला, "मम्मी, प्लीज, ड्रामा नको."

त्याने नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी त्यावर विश्वास ठेवला असता. सही मी केली नाही.

सबब सदर फ्लॅट, त्यावरील सर्व हक्कांसह, माझ्या पश्चात माझी मुलगी अपर्णा हिचा होईल. तिने माझी बाजू घेतली म्हणून नव्हे, ती तिने घेतली नाही. तिने कधी काही मागितलं नाही म्हणून. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिने करावी. तुषारला फ्लॅटमधून काहीही मिळणार नाही. हे चुकून किंवा विसरून झालेलं नाही.

कलम सहा. माझी शिल्लक आणि दागिने अपर्णा व रुपाली यांनी समान वाटून घ्यावेत. माझ्या दहाव्या-तेराव्याला कोणी माझ्या मायाळूपणावर बोलू नये. बोलायचंच असेल तर डाव्या हाताबद्दल बोलावं.

कलम सात. कलाबाईला मी काही देत नाही. हे वाचून कोणी मला कृतघ्न म्हणेल, म्हणून खुलासा करते. कलाबाईसाठी मी दागिन्यांतल्या माझ्या पाटल्या लिहिल्या होत्या. वकिलांनी सांगितलं, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. डॉ. वशी साक्षीला तयार होत्या, पण दुसरा साक्षीदार मला मिळत नव्हता. सोसायटीतले सगळे तुषारला ओळखतात, "घरचा मामला आहे, ताई" म्हणून सरकले. मी कलाबाईला म्हटलं, "तू पाटल्या घे. साक्षीदार मी शोधते."

ती कणीक मळत होती. म्हणाली, "पाटल्यास्नं काय करू ताई? उद्या तो म्हणी, आई येडी व्हती. तं मंग कोण उभं राही?" हात धुतले, पदराला पुसले. "माले पाटल्या नको. मी सही करसू."

मी म्हटलं, अंगठा चालतो. तिला राग आला. "चौथीलोंग शिकेल शे मी."

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, म्हणून खाली सही करते. आम्ही तिघी एकाच वेळी एका खोलीत हजर होतो आणि प्रत्येकीने इतर दोघींच्या देखत सही केली.

ठिकाण: भेस्तान, सुरत
दिनांक: २३ नोव्हेंबर २०२५

शैलजा मुकुंद पोतनीस (सही)

साक्षीदार:
१. डॉ. हेतल वशी, सुरत (सही)
२. कलाबाई धुडकू बोरसे, नवागाम, सुरत (सही, स्वतःच्या अक्षरात)